तेवीस ‘टू’ आणि नाथाजीची मूठ

शास्त्रीय इंग्रजीत नामाच्या मागे ‘टू’ लावून क्रियापद जोडावं की जोडू नये, या प्रश्नाशी माझं काही घेणंदेणं नव्हतं. मी रसायनशास्त्राचा माणूस. एकोणीसशे शहात्तर साली मी सांगलीच्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होतो, म्हणजे प्राध्यापकांच्या खाली आणि शिपायाच्या वर; निदान हजेरीपटावर तरी तसा क्रम होता. पण हा प्रश्न आपण होऊन माझ्या घरी चालत आला, मुक्कामाला राहिला, आणि माझ्या सासऱ्यांशी माझं बोलणं बंद करून गेला. लोक अजून म्हणतात, शरच्चंद्र, तू उगाच ताणलंस. खुशाल म्हणोत. मी पुन्हा ताणीन.

मूळ गोष्ट चार पानांची होती. पलूसला नानासोंचं गुऱ्हाळ आहे. तिथला गुळव्या नाथाजी. गुळव्या म्हणजे काहिलीत, त्या भल्यामोठ्या कढईत, उकळणाऱ्या उसाच्या रसाचा गूळ करणारा, आणि तो कधी झाला हे ठरवणारा माणूस. हा नाथाजी रानभेंडीची साल ठेचून, पाण्यात कुस्करून, ते चिकट पाणी उकळत्या रसात ओतत असे. पाच मिनिटांत सगळी मळी वर येई, ती तो झाऱ्यानं काढी, आणि खाली रस असा पिवळाधमक राही की बघत बसावं. मी दोन हंगाम थर्मामीटर आणि वही घेऊन त्या काहिलीशेजारी बसलो. माझ्या शर्टाला अजून त्या धुराचा वास आहे असं आमची शकुंतला म्हणते.

आता नानासोंकडे एका कंपनीचा एजंट येऊ लागला होता. त्याच्या पिशवीत एक पांढरी पावडर. चिमूटभर टाकली की गूळ सोन्यासारखा, गुळव्या नसला तरी चालेल. नानासो व्यवहारी माणूस. मला म्हणाले, “मास्तर, पावडरीचं सगळं छापील हाय. पुडीवर हाय, चोपडीत हाय. तुमच्या भेंडीचं कुटं काय छापलंय का? औंदा गुऱ्हाळ सुरू व्हायच्या आत छापील दाखवा. न्हाईतर मग नाथाजीला दुसरीकडं बगू दे.”

नाथाजी चुलवाणाजवळच बसला होता. तीस वर्षं त्यानं दुसरं काही केलेलं नव्हतं. मी छाती पुढं काढून म्हणालो, “छापून आणतो. इंग्रजीत आणतो.” या शेवटच्या वाक्याची काही गरज नव्हती, हे मला आता कळतं.

त्याच वर्षी साताऱ्याला विज्ञान परिषद भरणार होती. निवडक निबंध छापले जाणार होते. नियम साधे दिसत होते: निबंध इंग्रजीत हवा, टंकलिखित चार पानं, आणि सोबत भाषाशुद्धतेचा दाखला. हा दाखला आपल्या कॉलेजच्या इंग्रजी विभागप्रमुखांनी द्यायचा आणि परिषदेच्या भाषा-परीक्षकांनी मान्य करायचा. मला जन्माचा दाखला मिळवायला एवढा त्रास झाला नव्हता, आणि तेव्हा तर नगरपालिकेनं माझं नाव शरश्चंद्रा असं स्त्रीलिंगी करून ठेवलं होतं.

विभागप्रमुखांनी निबंध हातात घेतला, चष्मा वर केला आणि मोजायला सुरुवात केली. निबंध वाचत नव्हते, मोजत होते. “तेवीस,” ते म्हणाले.

“काय तेवीस?”

“टू. ‘अ मेथड टू क्लिअर द ज्यूस.’ ‘द टेंडन्सी टू डार्कन.’ ‘द स्कम टू बी रिमूव्ह्ड.’ अहो, प्रत्येक नामाच्या पाठीला तुम्ही एक टू बांधलाय. हे क्रियापदाचं काम नामाकडून करून घेणं झालं. सभ्य इंग्रजीत ‘ऑफ क्लिअरिंग’ म्हणतात.” आणि त्यांनी हिरव्या शाईनं तेवीसच्या तेवीस टू कापून काढले. मग दाखल्यावर सही केली, शिक्का मारला, आणि मला वाटलं, संपलं.

घरी आलो तर तळमजल्यावरच्या गोदावरीकाकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना सगळं सांगावंच लागतं; नाही सांगितलं तर त्या शकुंतलेला विचारतात, आणि मग ते आणखी लांबतं. त्या म्हणाल्या, “टू काढले ते बरंच झालं. आमचे हे तार ऑफिसात होते. सव्वीस वर्षांत एका तारेत त्यांनी टू घालू दिला नाही. लोक मेले तरी टूवाचून कळत होतं.” वरच्या मजल्यावरचे निवृत्त तलाठी जिन्यातून उतरता उतरता थांबले. त्यांचं मत असं की टू काढूच नयेत, फक्त प्रत्येकाच्या खाली सही करावी, म्हणजे पुढं कुणी खाडाखोड केली असं म्हणणार नाही. मी दोघांचे आभार मानले. शेजाऱ्यांचे सल्ले मी नेहमी ऐकून घेतो. न ऐकायला दुसरं घर कुठं मिळणार?

परिषदेचे भाषा-परीक्षक कोण, हे मला पत्रातून कळलं. साताऱ्याचे निवृत्त मुख्याध्यापक विष्णुपंत. म्हणजे शकुंतलेचे वडील. म्हणजे माझे सासरे. शकुंतला म्हणाली, “मग काय, घरचंच काम!” तिचा तिच्या वडिलांशी एवढा सहवास असून ती असं कसं म्हणाली, हे मला कळत नाही.

साताऱ्याला गेलो. विष्णुपंतांनी दार उघडलं, मला बसवलं, पोहे मागवले आणि म्हणाले, “शरदराव, एक गोष्ट स्पष्ट करतो. या खोलीत मी परीक्षक आहे. पोहे सासऱ्याचे खा, पण बोलताना परीक्षकाशी बोलता आहात हे ध्यानात ठेवा.” मग त्यांनी निबंध वाचला आणि त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला. “हे ‘मेथड ऑफ क्लिअरिंग’ कुणी लिहिलं?”

“विभागप्रमुखांनी.”

“कारकुनी इंग्रजी आहे हे! ऑफ, ऑफ, ऑफ! शास्त्राची भाषा ताठ पाहिजे. ‘अ मेथड टू क्लिअर.’ पद्धत म्हटली की ती कशासाठी, हे लागलीच कळलं पाहिजे. मूळचं बरोबर होतं.” आणि त्यांनी तांबड्या पेन्सिलीनं माझेच तेवीस टू मला परत दिले.

मला आनंद झाला. तो जिना उतरेपर्यंत टिकला. कारण मजकूर बदलला की आधीचा दाखला रद्द, असा नियम होता. परीक्षकांनी सुधारलेल्या प्रतीवर विभागप्रमुखांचा नवा दाखला हवा.

विभागप्रमुखांनी तांबडी पेन्सिल पाहिली आणि म्हणाले, “कोण हे?” मी सांगितलं. माझे सासरे आहेत, हे सांगितलं नाही. त्यांनी बराच विचार करून तडजोड काढली: ‘टेंडन्सी’, ‘अटेम्प्ट’ आणि ‘अबिलिटी’ यांच्यामागे टू चालेल, पण ‘मेथड’ आणि ‘प्रोसेस’ यांच्यामागे खपवून घेणार नाही. म्हणजे अकरा टू आत आणि बारा बाहेर. चारही पानं पुन्हा टाइप करून आणली. टायपिंगवाल्यानं मला विचारलं, “सर, कोर्टात केस आहे का?”

दुसऱ्या खेपेला साताऱ्याची एस.टी. उंब्रजला थांबली. मी चहा प्यायला उतरलो आणि एस.टी. माझी फाइल घेऊन पुढं गेली. मागून येणाऱ्या एका ट्रकमध्ये कांद्याच्या पोत्यांवर बसून मी साताऱ्याच्या डेपोत पोचलो. तिथल्या नियंत्रकानं गहाळ सामानाची वही उघडली आणि विचारलं, “फाइलीत काय होतं?”

“निबंध.”

“कशावर?”

“भेंडीवर.”

“भाजीपाल्याची वही वेगळी आहे,” तो म्हणाला, आणि वही मिटली. मी त्याला तिथल्या तिथं नाशवंत माल आणि वैज्ञानिक संशोधन यांतला फरक समजावून सांगितला. वीस मिनिटं सांगितला. शेवटी त्यानं फाइल दिली ती माझ्या बोलण्यामुळं नव्हे, तर रांगेतले लोक ओरडायला लागले म्हणून. तरी दिली.

विष्णुपंतांनी अकरा-बारा बघितलं आणि पोहेसुद्धा मागवले नाहीत. “अर्धामुर्धा परीक्षक मी नाही,” ते म्हणाले. मी म्हणालो, “पण दादा, रस दोन्ही इंग्रजींत सारखाच साफ होतो ना?” त्यावर त्यांनी निबंध माझ्या हातात परत दिला आणि दार उघडलं. आमचं बोलणं बंद झालं ते त्या दिवशी. पुढं निरोप शकुंतलेमार्फत कार्डानं येत.

अशात एका बाजारच्या दिवशी नाथाजी सांगलीला घरी आला. डोक्याला पटका, हातात काकवीची किटली. बूट नव्हते तरी बाहेर पाय पुसून आत आला. “आवं मास्तर, छापलं का?”

मी म्हणालो, “थोडं राहिलंय.”

“मग वाचून तरी दावा. मला मराटीत सांगा.”

मी सांगू लागलो. रस काहिलीत घेतला जातो. साल ठेचली जाते. द्राव ओतला जातो. काढायची मळी काढली जाते. तो मान हलवत ऐकत होता, आणि मग थांबला.

“कोन काढतं?”

“काय?”

“मळी वं. कोन काढतं? ठेचतं कोन?”

मी म्हणालो, “शास्त्रीय इंग्रजीत तसं लिहीत नाहीत. आपलं आपण होतं.”

“आपलं आपन?” तो म्हणाला. “माज्या हाताला फोड आल्यात ते बगा की. आपलं आपन हुतंय व्हय?” रागानं नाही म्हणाला. खरोखर विचारत होता. मी विभागप्रमुखांकडे गेलो आणि नाव घालू का म्हणून विचारलं. ते म्हणाले, शेवटच्या ओळीत ‘एका स्थानिक मजुराचे आभार’ असं बारीक टाइपात घाला. आणि मी ते मान्य केलं. या सगळ्या प्रकरणात मला लाज वाटावी अशी तेवढी एकच गोष्ट आहे, म्हणून ती सांगून टाकली.

दाखला काही मिळेना आणि निबंध पोचता करायला दोन दिवस उरले. तेव्हा शकुंतलेनं मार्ग काढला. आमच्याकडं माणसाचा राग घालवायचा तर त्याला गुऱ्हाळावर न्यायची रीत आहे. ताजा रस, गरम काकवी आणि उसाची कांडकी पुढं आली की तिथं कुणी फार वेळ रुसून बसत नाही. नानासोंनी त्याच रविवारी हंगामाआधीची चाचणीची काहील लावली होती. मी विष्णुपंतांना आणि विभागप्रमुखांना दोघांनाही बोलावलं. एकमेकांच्या येण्याबद्दल दोघांनाही सांगितलं नाही.

तिथं नानासोंनी माझ्यापुढं वेगळंच काढलं. “मास्तर, आज नाथाजी हात लावनार न्हाई. तुमच्या कागदावर हाय तसं तुमी करायचं. मानसावाचून जमलं तर त्यो कागद खरा.” ही अट मला रास्त वाटली. विज्ञान म्हणजे दुसरं काय? कॉलेजातून तराजू आणला होता. शर्टाच्या बाह्या दुमडल्या. नाथाजी बाजूला जाऊन उकिडवा बसला, दोन्ही हात काखेत घालून.

मी निबंधातल्या वजनाप्रमाणे साल तोलली, चार दशांश स्थळांपर्यंत. ठेचली, कुस्करली, ओतली. चिपाडांचा जाळ वाढला. आणि मागं दोघा विद्वानांची ओळख झाली.

“म्हणजे ते टू घालणारे तुम्ही?” विभागप्रमुख म्हणाले.

“म्हणजे ते काढणारे तुम्ही!” विष्णुपंत म्हणाले.

पुढची दहा मिनिटं मला फक्त तुकडे ऐकू आले. नाम, क्रियापद, कारकुनी, ऑक्सफर्ड, अडाणी. काकवीच्या वाट्या दोघांच्याही हातात तशाच होत्या. माझं लक्ष काहिलीत होतं. मळी वर येत नव्हती. आली ती पातळ, चुकार, आणि रस खाली गढूळच राहिला. मी झारा फिरवला, पुन्हा फिरवला. रस तपकिरी झाला, मग काळसर. नानासोंनी फक्त पावडरीची पुडी खिशातून काढून मांडीवर ठेवली.

तेव्हा नाथाजी उठला. नानासो म्हणाले, “ए, बस खाली!” तो म्हणाला, “मालक, काहील जळंल. मग मला हाकला.” त्यानं सालीच्या ढिगात हात घातला आणि मूठ भरून काढली. एक, मग दुसरी. पाण्यात दाबली, पिळली, ओतली. थोड्या वेळानं मळी वर आली ती काहीलभर आली, आणि तो एकाच लयीत काढत गेला. रस उजळला. मागचं भांडण थांबलं, कारण विष्णुपंतांनासुद्धा बघावं लागलं.

मी बघत होतो ते रसाकडं नव्हे. मी त्याच्या मुठीकडं बघत होतो.

वहीत मी लिहिलं होतं, ‘दोन मुठी साल’. शास्त्रात मूठ चालत नाही, ग्रॅम लागतात. तराजू सांगलीत आणि नाथाजी पलूसला, म्हणून मी प्रयोगशाळेत माझीच मूठ भरून तोलली होती. मूठ ती मूठ, कुणाची का असेना. माझी मूठ खडू धरणारी. त्याची मूठ तीस वर्षं झारा धरणारी. मी त्याला म्हणालो, “नाथाजी, आणखी एक मूठ भर, पण तराजूत.” भरली. माझ्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट.

सगळ्यांसमोर म्हणालो, “आकडा चुकलाय. माझा चुकलाय.” मग त्या दोघांकडं वळलो आणि मला आवरलं नाही. “तुम्ही तेवीस टू मोजलेत. तीन वेळा मोजलेत. हा आकडा बरोबर आहे का, हे एकाला तरी विचारावंसं वाटलं?”

विभागप्रमुख म्हणाले, “आमच्याकडं भाषेचा दाखला आहे, वजनाचा नाही.”

विष्णुपंत म्हणाले, “आणि आकडा बदललात तर मजकूर बदलला. नवा दाखला लागेल.” यावर मात्र दोघांचं एकमत झालं. त्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि थंड झालेली काकवी पिऊन टाकली. आमच्याकडची रीत फुकट जात नाही, ती अशी.

मी खिशातून पेन काढलं. उसाच्या मोळीवर कागद ठेवला, चुकीचा आकडा खोडला, खरा लिहिला. मग पहिल्या पानापासून एकेक ‘केला जातो’ खोडत गेलो आणि त्याजागी इंग्रजीत लिहीत गेलो: नाथाजी ठेचतो. नाथाजी ओततो. नाथाजी काढतो. टू राहिले की गेले हे मी बघितलंसुद्धा नाही. ‘स्थानिक मजूर’ होता ती ओळ इतकी खोडली की कागद फाटला.

विष्णुपंत म्हणाले, “शरदराव, हे परिषदेत जाणार नाही.”

“न जावो,” मी म्हणालो.

तरी तसंच पाठवून दिलं, आणि नाही गेलं. ‘दाखल्याअभावी, तसेच मजकुरात व्यक्तिनाम आढळल्याने परत’ असा शेरा मारून परिषदेच्या चिटणीसांनी ते मला परत धाडलं. ते पत्र मी चौकट करून लावलं आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवतो. मग मी गणपती पेठेतल्या लग्नपत्रिका छापणाऱ्याकडं गेलो आणि सगळं मराठीत छापून घेतलं. त्याच्याकडं दुसरा ठोकळाच नव्हता, म्हणून वर गणपती आला आणि चारी बाजूंना वेलबुट्टी आली. माझ्या एकुलत्या एका संशोधनाला मंगलाष्टकांचं रूप आलं. असू दे. दोन मुठी, वजन अमुक, आणि प्रत्येक वाक्यात करणारा माणूस.

गुऱ्हाळ सुरू व्हायच्या दिवशी तो कागद नानासोंच्या हातात दिला. पावडरवाला एजंटही नेमका आलेला. नानासोंनी चष्मा लावला, ओठ हलवत शेवटपर्यंत वाचलं, आणि कागद एजंटापुढं धरला.

“तुमच्या चोपडीत असं हाय का?”

एजंट म्हणाला, “आमच्याकडं वापरायची संपूर्ण पद्धत दिलेली आहे साहेब. इंग्रजीत.”

“पद्धत हाय वं,” नानासो म्हणाले. “पर बिगडलं तर कुनाला बोलवायचं? ह्या कागदात मानूस हाय. तुमच्यात कोन हाय?”

एजंटानं चोपडी पुढून मागून चाळली. मग पिशवी उचलली.

मला भरून आलं. विज्ञान, श्रम आणि दोन्ही इंग्रजी पंडितांचा पराभव यांवर चार शब्द बोलावेत म्हणून मी घसा साफ केला. तेवढ्यात नाथाजीनं माझ्या हातात दगड दिला.

“मास्तर, बोलनं मागनं. रस तापाय लागलाय. साल ठेचाय बसा, आन माज्या मुठीनं मोजा.”

मी एम.एस्सी. आहे, प्रथम वर्गात. मी बसलो आणि ठेचू लागलो.